बारदान वजा जाता

औताडेकाकांना कुणी वजन विचारलं की ते उलट विचारतात, "निव्वळ, का बारदानासकट?"

हा प्रश्न त्यांनी नातेवाइकांना विचारलाय, विम्याच्या एजंटाला विचारलाय आणि दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या मुलीलाही विचारलाय. त्या मुलीनं पेन थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी फक्त सोबत गेलो होतो, तरी मला अपराधी वाटलं. तसं अपराधी वाटायला मला कारण लागत नाही. समोरच्यांचं दूध नासलं तरी सकाळी आपण तिकडं पाहिलं होतं का, हे मी आठवत बसतो.

ज्यांचा मोंढ्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजारात माल पोत्यासकट तोलतात आणि मग रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात. ते पोतं म्हणजे बारदान. ते वजा जाता उरतं ते निव्वळ वजन, खरा माल. भानुदास औताडे यांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेली. सिल्लोडच्या कापसाच्या आणि मक्याच्या बाजारात ते शिरले की दुकानादुकानांतले काटे आपोआप सरळ होत, असं ते स्वतः सांगतात. आता ते निवृत्त आहेत आणि छावणीच्या अलीकडं आमच्या कॉलनीत, माझ्या शेजारी राहतात. काटे तपासायचं मात्र थांबलेलं नाही. भाजीवाल्याच्या गाडीपाशी ते उभे राहिले की भाजीवाला स्वतःहून दोन मिरच्या जास्त टाकतो. काका त्या मिरच्या परत करतात. "जास्तीचं माप बी खोटंच असतं," म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. स्टेंट बसला, रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढच्या काही महिन्यांत काका सगळ्या बाजूंनी वाढले. शर्टाची बटणं ताणली, पट्ट्याला नवीन भोकं पडली. कॉलनीतले लोक कौतुकानं म्हणायचे, "काका, तब्येत चांगलीच सुधारली की." काका थांबून, शांतपणे त्यांची चूक दुरुस्त करायचे.

"तब्येत हाय तेवढीच हाय. माल तेवढाच. बारदान वाढलं."

हे बारदान कुणाचं, तर पांढऱ्या गोळीचं. चार गोळ्यांपैकी त्यांनी हिलाच का आरोपी धरलं, तर ती हृदयाची गती कमी करते. "काटा हळू केला की माल साठतो," हा त्यांचा सिद्धांत. त्यात थोडं तथ्य होतं, हीच अडचण. साफ खोटं असतं तर मी वाद घातला असता.

कारण तीच पांढरी गोळी मीही घेतो. माझंही वजन वाढलं आहे. फरक एवढाच की काका आपलं सगळं वाढलेलं वजन गोळीच्या नावावर टाकतात आणि मी माझं सगळं माझ्या पापांच्या. एकदा घरी मी भीत भीत काकांचा सिद्धांत मांडून पाहिला. बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुमच्या गोळीत नान-खलिया असतो का?" आदल्या रविवारी शहागंजच्या बाजूला मटण खायला मी कुठं गेलो होतो, हे तिला कळलं होतं तर. त्या दिवसापासून मला काकांचा हेवा वाटू लागला. एवढं वाढलेलं पोट घेऊन माणूस इतका निर्दोष चालू शकतो, हे मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यातला प्रसंग सांगायलाच हवा. डॉक्टर मॅडम तरुण आहेत, समजूतदार आहेत, पण त्यांचा वजनकाटा स्प्रिंगचा आहे. "स्प्रिंगचा काटा म्हणजे पुढाऱ्याचा शब्द," असं म्हणून काकांनी त्यावर पाय ठेवायला साफ नकार दिला होता. पुढच्या भेटीला निघताना त्यांनी माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. हात एकदम खाली गेला. आत लोखंडी वजन होतं, दहा किलोचं, शिक्का मारलेलं.

"मला डॉक्टरनं जड उचलायला मनाई केलीय, सर," ते म्हणाले.

"मलाही केलीय, काका."

"पण तुमचं तुम्ही कुणाला सांगत नाय ना."

हे खरं होतं, म्हणून मी पिशवी उचलली.

दवाखान्यात त्यांनी काट्यावर ते वजन ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग उभे राहून म्हणाले, "मॅडम, तुमचा काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो. गिऱ्हाइकावर अन्याय हाय."

"काका, इथं गिऱ्हाईक नसतात, पेशंट असतात."

"पेशंटला बी माप बरोबर लागतं."

बाकावर बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "म्हणजे माझं आत्ता केलं तेही चुकलं का हो?" काकांनी त्यांना तीनशे ग्रॅम वजा करून दिले. बाईंचा चेहरा असा उजळला की औषधाची चिठ्ठी न घेताच त्या निघाल्या होत्या. मग बाकीचे पेशंटही उठले. मॅडम खुर्चीत मागं टेकून हा सगळा सवलतीचा बाजार पाहत होत्या.

शेवटी काकांनी मूळ मुद्दा काढला. "मॅडम, आजाराआधी मी त्र्याहत्तर. आता ब्याऐंशी. मधलं सगळं तुमच्या पांढऱ्या गोळीचं. तसं लेखी द्या."

"लेखी काय देऊ? त्या गोळीनं वजन थोडं वाढतं, खरं आहे. एखाद-दोन किलो. बाकीचं तुमचं."

"एखाद, का दोन?"

"ते कुणालाच नक्की सांगता येणार नाही, काका."

"नक्की सांगता येत नाय," काका माझ्याकडं वळून म्हणाले, जणू एखादा व्यापारी खोट्या मापासह सापडला होता. "ऐकलं ना, सर?"

"आणि मनानं ती बंद करायची नाही," मॅडम म्हणाल्या. "ही कायमची आहे."

आता एवढ्या एक-दोन किलोंसाठी माणूस लोखंड घेऊन दवाखान्यात का जातो, हे मलाही आधी कळत नव्हतं. ते कळलं जुन्या मोंढ्यात, रफिकभाईंच्या गुळाच्या दुकानात. या रफिकभाईंवर काकांनी कधीकाळी हलक्या वजनमापांवरून खटला भरला होता, आणि तेव्हापासून दोघांची घट्ट मैत्री आहे. दर महिन्याला काका मला घेऊन तिथं जातात, कारण त्यांच्या मते सबंध शहरात भरवशाचा असा तो एकच मोठा काटा उरला आहे. काका काट्यावर उभे राहिले, रफिकभाईंनी आकडा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"साब, मैं गुड की ढेपें निकाल के रखता, और तुम हर बार ज्यादा वजन लेके आ जाते. कायकू बिचारी देवी को इंतजार कराते?"

मी विचारलं, "कोणती देवी?"

काका काट्यावरून उतरले आणि चपला शोधू लागले. उत्तर रफिकभाईंनीच दिलं. काका दवाखान्यात काचेच्या आड होते, तेव्हा त्यांच्या पत्नीनं, कमलकाकूंनी, गावच्या देवीला नवस बोलला होता. हे नीट घरी आले तर यांची गूळतुला करीन. म्हणजे देवळातल्या तराजूच्या एका पारड्यात काका, दुसऱ्यात तेवढाच गूळ, आणि तो गूळ सगळ्या गावात वाटायचा. काका नीट घरी आले. सगळं घर काकांचं हृदय सांभाळत बसलं आणि गेल्या वर्षी साध्या काविळीनं काकूच गेल्या. नवस राहिला.

राहिला म्हणजे काकांनी ठेवला. आधी ते गावी जाऊन देवळातला तराजू पाहून आले आणि म्हणाले की त्याच्या दांडीची एक बाजू लांब आहे, देवीच्या दारात खोटं माप चालणार नाही. कारागीर नेऊन तराजू दुरुस्त केला. तेवढ्यात पाऊस लागला. पावसाळ्यात गूळ पाणी धरतो, देवीला पाणी तोलून द्यायचं का? पावसाळा संपला. मग ही पांढऱ्या गोळीची भानगड निघाली. नवस बोलला तेव्हा काका त्र्याहत्तर किलो होते. नवस त्या माणसाचा होता. वर चढलं ते औषधकंपनीचं. "बारदान देवीला तोलायचं नाय," हा त्यांचा शेवटचा निकाल.

काकांची मुलगी वैशाली नाशिकला असते. ती समजूतदार आहे. पण सिल्लोडला काकूंची बहीण आहे. वैशालीच्या घरी दुधाचं पातेलं उतू गेलं तरी या मावशी म्हणतात, "नवस अडकलाय ना, अजून काय होणार?" मावशी वैशालीला फोन करायच्या, वैशाली काकांना, आणि काका उचलत नसले की मला. मी प्रत्येक वेळी तिला म्हणायचो, "सांगतो मी त्यांना." आणि सांगायचो नाही. याचं ओझं वेगळं.

शेवटी मावशींनी पौर्णिमा ठरवून टाकली. वैशालीनं रजा काढली. काका फोनवर "करू" म्हणाले, एवढंच.

त्यानंतर काका एकदम चपळ झाले. सकाळी फिरताना ते माझ्या पुढं जाऊ लागले. महिन्याची वाट न पाहता रफिकभाईंकडं जाऊन आले आणि वजन उतरल्याचं मला फाटकातूनच सांगितलं. "निघालं बघा बारदान." मला आनंद झाला, आणि माझं काहीच उतरलं नाही म्हणून लगेच वाईटही वाटलं.

मग एका सकाळी छावणीच्या रस्त्यावर, बोलता बोलता, काका थांबले. कडुलिंबाला हात टेकला. चेहरा घामानं भिजला होता, आणि हवा तर गार होती. दुसरा हात त्यांनी स्वतःच्या मनगटावर ठेवला आणि वजनकाट्याकडं पाहावं तसं तिकडं पाहत राहिले.

"काय होतंय, काका?"

"काटा ठरत नाय," ते म्हणाले. "लई हलतोय."

"गोळ्या घेतल्या होत्या ना सकाळी?"

"तीन घेतल्या."

"आणि पांढरी?"

"बारदान उतरवल्याबिगर वजन कसं करायचं, सर? पौर्णिमा आली की."

मी रिक्षा थांबवली. दवाखान्यापर्यंत त्यांनी माझा हात धरला होता आणि मध्येच एकदा म्हणाले की रिक्षाचं मीटर जलद चालतंय. त्यावरून मला जरा धीर आला.

मॅडमनी ईसीजीची पट्टी काढली, सुई दिली, तिथंच आडवं केलं. काट्याच्या वेळी ऐकून घेणाऱ्या मॅडम त्या दिवशी काहीच ऐकून घेत नव्हत्या. "ही गोळी म्हणजे घोड्याचा लगाम आहे, काका. एकदम सोडला की घोडा उधळतो. आज तुम्ही रस्त्यात पडला असता, आणि तिथंच संपलं असतं. कळतंय का?" काका आज्ञाधारक मुलासारखे मान हलवत होते. मॅडमनी स्वतःच्या हातानं गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली. दोन तास इथंच पडून राहायचं, असं सांगून त्या बाहेर गेल्या.

मी शेजारच्या स्टुलावर बसलो. रागवायचं ठरवलं होतं. वाक्यं जुळवली होती. पण काका छताकडं बघत स्वतःच बोलायला लागले.

"पोरीला हो म्हणालो ना. मग खोटं वजन घेऊन पारड्यात कसा बसू? लबाडी करून तिचा नवस फेडायचा?"

"पण काका, इतकी घाई होती तर वर्षभर कशाला थांबलात?"

"घाई कुठं होती?" त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "फेडायचाय बी, आन् नाय बी. सर, तिची सगळी कामं उरकली. साड्या पोरगी घेऊन गेली. गॅसचं पुस्तक माझ्या नावावर झालं. भिशीतल्या बाया येऊन तिचं नाव कमी करून गेल्या, मला विचारून, रीतसर. आता तिनं बोललेलं एवढं एकच काम माझ्याकडं बाकी हाय. ते झालं की मग काय राहतं? मग ती खरंच गेली."

पडद्यापलीकडं कुणीतरी खोकलं. काकांनी आवाज खाली घेतला. "आन् हे पोरीला सांगायचं तरी कसं? हसंल ती."

मला काय सुचलं ते सांगतो. त्यात शहाणपण किती होतं माहीत नाही. मी आयुष्यभर नियम पाळत आलो आहे, आणि पाळताना कुठं चुकलं असेल म्हणून झुरत आलो आहे. नियमाचा उपयोग करून घ्यावा, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

"काका, तुमच्या खात्याचा नियम काय? बारदान किती ते माहीत नसेल तर निव्वळ वजन काढता येतं?"

"नाय येत."

"अंदाजानं वजा केलं तर?"

"अंदाजानं केलं तर गुन्हा."

"मॅडम काय म्हणाल्या होत्या? गोळीचं वजन किती, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. आणि गोळी कायमची आहे."

काका माझ्याकडं पाहत राहिले. निवृत्तीनंतर प्रथमच एखादी अवघड केस समोर यावी तसे त्यांचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे गोळी चालू हाय तोवर..."

"तोवर तुमचं निव्वळ वजन निघू शकत नाही."

"आन् ते निघाल्याबिगर..."

"गूळतुला होऊ शकत नाही. नियमानं."

"नियमानं," काका म्हणाले. "नियमानं तसंच हाय ते. अन् गोळी बंद केली तर?"

"बंद केली तर निघेल. पण मग पौर्णिमेला जावं लागेल."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मॅडमला बोलवा. गोळी दिवसातून एकदाच हाय का दोनदा, नीट इचारून घेऊ."

चार दिवसांनी वैशालीचा फोन आला. काका तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात होते आणि मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांनी आतून हातानं खूण केली, तुम्हीच बोला. मी चार कारणं मनात जुळवली होती. पण तिनं थेट विचारलं, "काका, बाबांची तब्येत खरंच कशी आहे? पौर्णिमेला जमेल ना?"

"तब्येत बरी आहे," मी म्हणालो. "पण वजन अजून स्थिर नाही, वैशाली. डॉक्टर म्हणाल्या की चालू औषधानं वजन किती वाढलं ते नक्की सांगता येत नाही. आणि खोट्या वजनावर त्यांना पारड्यात बसायचं नाही."

"औषध कधीपर्यंत चालू आहे?"

"कायमचं."

खोटं एकही वाक्य बोललो नव्हतो, तरी पकडला गेल्यासारखं वाटत होतं. स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली होती.

"बरं," वैशाली म्हणाली. "मग राहू द्या. मावशीला मी बघते. बाबांना म्हणावं, घाई काहीच नाही. आईलाही नव्हतीच कधी घाई."

मी आत जाऊन निरोप सांगितला. काका माझ्याकडं पाठ करून ओट्यापाशी उभे होते.

"हसली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं." त्यांनी फडक्यानं हात पुसले, कोरडे असूनही पुसले. "बसा, सर. जेवूनच जा. कुकर झालाच हाय."

मी नेहमीप्रमाणं नको म्हणणार होतो. घरी बायकोनं माझ्यासाठी भाकरी आणि वाफवलेला दुधी करून ठेवला होता, आणि बाहेर काही खाल्लं की संध्याकाळपर्यंत मी स्वतःची उलटतपासणी करत असतो. पण काकांनी झाकण काढलं आणि मी आत पाहिलं.

खिचडी दोन माणसांची होती. मी थांबणार आहे हे काकांना माहीत नव्हतं.

त्यांनी दोन ताटं घेतली. वरचं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "तिच्या हातचं मापच तेवढं ठाऊक हाय मला. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ. कमी करायला जातो, बिघडतं. टाकवत बी नाय."

मी ताट पुढं ओढलं आणि पोटभर जेवलो.